हत्तीछाप थर्मासच्या गावाहून

ओसाका,
नोव्हेंबरअखेर

तीर्थरूप आजी, आई आणि बाबा यांना मुग्धाचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पार्सल पोचलं. मेतकूट, भाजणी आणि आजीच्या हातचा गोडा मसाला, तिन्ही पुड्या न फुटता आल्या. थंडी सुरू झालीय, त्यामुळे संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मऊ भात आणि मेतकूट हेच जेवण चाललंय. आई, तुझ्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम बंद करू नकोस. दुखणं कमी झालं म्हणजे व्यायाम संपले असं नसतं.

आपलं फोनवर बोलणं होतंच. पण आजीच्या काळजीपोटी घरात कॅमेरे लावायच्या दादाच्या बेताचा विषय निघाला की बाबा गप्प होतात, दादा हट्टाला पेटतो आणि आई ‘जेवलीस का’ म्हणून विचारते. मला त्या विषयावर काही सांगायचंय, आणि मधे कुणी न तोडता सलग सांगायचंय, म्हणून हे पत्र. पण आधी मी कुठे जाऊन आले ते ऐका. जे सांगायचंय ते मला तिथेच सापडलं.

आजीला स्टीलचा थर्मास पाठवला होता ना, ती झोजिरुशी कंपनी इथली, ओसाकाची. खूण हत्तीची. त्यांच्या मुख्य कचेरीतच एक छोटं संग्रहालय आहे, नाव ‘माहोबिन किनेनकान’, म्हणजे थर्मासचं स्मारक-दालन. कंपनीला ९० वर्षं झाली तेव्हा, २००८ साली, ते उघडलं. तिकीट नाही, पण आधी कळवून वेळ ठरवावी लागते. मी एक दिवस रजा टाकून गेले. ओसाकाचा किल्ला पाहायला लोकांची रीघ असते. तिथून फार लांब नसलेल्या या दालनात त्या दिवशी अगदी मोजकी माणसं होती. मला ते बरंच वाटलं. प्रत्येक वस्तूपुढे हवा तितका वेळ उभं राहता आलं.

तेनमाबाशी स्टेशनावर उतरून ओकावा नदीचा पूल ओलांडला की तेनमा भाग लागतो. जवळच तेनमानगू हे मोठं देवस्थान आहे, जुलैत ज्याच्या उत्सवात नदीवर रात्री नावा निघतात ते. जाताना मी मुद्दाम तिथे वळले, कारण देवळाच्या दारापाशी एक दगड आहे आणि त्यावर लिहिलंय की ओसाकाचं काचकाम इथून सुरू झालं. १८व्या शतकात नागासाकीच्या एका व्यापाऱ्याने देवळासमोर काचेचं काम मांडलं आणि पुढे हा सगळा भाग काचवाल्यांचा झाला. नागासाकी बंदरात डच लोकांमुळे काच आली होती, तिथून ती विद्या इथे आली. मग विजेचे दिवे आले, तेव्हा बल्ब फुंकणारे हात या वस्तीत तयारच होते. बल्ब करायचा म्हणजे पातळ काच फुंकायची, आतली हवा ओढून घ्यायची आणि तोंड वितळवून बंद करायचं. थर्मासची आतली बाटलीही नेमकी तशीच होते. म्हणून जपानात १९१२च्या सुमारास पहिला देशी थर्मास झाला तो या शहरात, बल्बच्या धंद्यातल्या माणसांकडून. एखादा कारखाना कुठे उगवतो याला अशी कारणं असतात, आणि ती चालत हिंडताना पायाखाली सापडतात.

बाबा, आता तुमच्यासाठी. दहावीच्या वर्गाला तुम्ही उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण शिकवायचात, त्या तिन्हींची व्यवस्था एकाच वस्तूत केलेली असते आणि इथे ती नीट न्याहाळता येते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअरने १८९२ साली हे भांडं केलं, ते चहासाठी नव्हे, द्रवरूप वायू साठवायला. इतक्या थंड द्रवाला खोलीची ऊब लागली की तो उकळून उडून जातो, म्हणून बाहेरची उष्णता आत येऊ नये ही त्याची गरज होती. एकात एक अशा काचेच्या दोन बाटल्या, गळ्याशी जोडलेल्या, आणि मधली हवा काढून टाकलेली. हवाच नाही म्हटल्यावर वहनही नाही, अभिसरणही नाही. उरतं प्रारण. त्यासाठी मधल्या बाजूने काचेवर चांदीचा मुलामा, आरशासारखा. आत येणारी उष्णता थांबते तशी बाहेर जाणारीही थांबते. बर्लिनच्या राइनहोल्ड बुर्गर या काचकारागिराने ते ओळखलं, भोवती धातूचं कवच घातलं आणि १९०४च्या सुमारास ‘थर्मास’ नावाने बाजारात आणलं. ड्यूअरने पेटंट घेतलेलं नव्हतं. पुढे तो कोर्टात गेला पण हरला. त्याला त्यातून काही मिळालं नाही याचं मला वाईट वाटतं.

तो चांदीचा मुलामा कसा देतात ते कळल्यावर तर तुमचीच आठवण आली. दोन भिंतींच्या मधल्या फटीत सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण घालतात, काचेला आतून चांदी धरते, उरलेलं पाणी ओतून टाकतात. मग तळाशी ठेवलेल्या बारीक नळीतून हवा ओढतात आणि नळी वितळवून तोडतात. आपल्या जुन्या थर्मासची रिफिल बदलताना तिच्या बुडाला एक टोकदार काचेची शेपटी दिसायची आणि आई ‘तिला हात लावू नकोस’ म्हणून ओरडायची, ती शेपटी म्हणजे हीच नळी. ती मोडली की हवा आत शिरते आणि रिफिल कामातून जाते. आई, तुझं ओरडणं शास्त्रशुद्ध होतं.

आणि आता तळेगाव. काचेच्या त्या बाटल्यांपुढे उभी असताना मी सारखी तळेगावात होते. आजोबा पैसा फंडाची गोष्ट सांगायचे ना? अंताजी दामोदर काळे गावोगाव फिरले, प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा म्हणून. टिळक पाठीशी उभे राहिले, आणि पैशा-पैशाने जमलेल्या रकमेतून १९०८ साली आपल्या तळेगावात काच कारखाना निघाला. त्याच वर्षी टिळकांना मंडालेला पाठवलं. त्या कारखान्यात काचकाम शिकवायला जे आले ते ईश्वरदास वार्ष्णेय जपानला जाऊन ही विद्या शिकून आले होते, पुढे अमेरिकेतही शिकले. नंतर त्यांनी उत्तर प्रदेशात बहजोईला स्वतःचा कारखाना काढला. लहानपणी मी ही गोष्ट ऐकताना ‘जपान’ हा शब्द कानावरून गेला असेल, आत शिरला नव्हता. आता मी त्याच जपानात काचवाल्यांच्या एका जुन्या वस्तीत उभी होते आणि मला जाणवलं की माझ्या शंभर वर्षं आधी एक माणूस याच देशातून भट्टीसमोर उभं राहायला शिकून माझ्या गावी गेला होता. बोटीने गेला असेल. तो जिथे शिकवायला गेला त्या कारखान्यामागे लोकांचा एकेक पैसा उभा होता. या गोष्टीचा मला फार अभिमान वाटला आणि डोळ्यांत पाणीही आलं. माहिती देणाऱ्या बाईंना मी माझ्या मोडक्या जपानीत हे सांगितलं. त्यांनी वहीत ‘तळेगाव’ लिहून घेतलं, दोनदा उच्चार विचारून.

मग ईगल. तळेगावचं नाव महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचवलं ते ईगलच्या थर्मासने. दवाखान्यात भरती झालेल्या माणसाच्या उशाशी, एसटीत, बाळंतिणीच्या खोलीत, सगळीकडे तो असायचा. इथे ओसाकात थर्मासवाल्यांच्या खुणा कशा होत्या ते ऐका. एक हत्ती, दुसऱ्याचा वाघ (टायगर कंपनी, तीही ओसाकाचीच), तिसऱ्याचा मोर. त्या काळी इथे घरोघरी निखाऱ्यांच्या शेगडीवर किटली ठेवलेलीच असे, त्यामुळे थर्मासचं गिऱ्हाईक मुख्यतः परदेशात, आग्नेय आशियात होतं. तिथल्या माणसांना अक्षरं न वाचताही ओळखू येईल आणि मनातही मान असेल असं चित्र हवं, म्हणून प्राणी. या सगळ्यांच्या पंगतीत आपला गरुड अगदी शोभला असता.

कंपनीचा इतिहास थोडक्यात असा की १९१८ साली इचिकावा आडनावाच्या दोन भावांनी सुरुवात केली, तीही पूर्ण थर्मासची नव्हे. ते फक्त आतली काचेची बाटली करायचे, बाहेरचं कवच दुसरे लोक घालायचे. काही वर्षांनी स्वतःच पूर्ण थर्मास करून त्यावर हत्ती लावला. युद्धाच्या काळाबद्दल मी जास्त लिहीत नाही. १९४५मध्ये ओसाका शहर बाँबखाली भाजून निघालं एवढं तुम्हाला माहीत आहे. १९४८ साली त्यांनी टेबलावर ठेवायचा, चोचीतून ओतायचा पॉट काढला, त्याचं नाव पेलिकन. बाटली तोवर प्रवासात, शिकारीला, डोंगरावर जायची. आता ती जेवणघरात आली.

इथून पुढे संग्रहालयाचा माझा सगळ्यात आवडता भाग सुरू होतो. १९६० आणि ७०च्या दशकांतले पॉट, आणि त्यांवर फुलंच फुलं. मोठी, भडक, नारिंगी आणि जांभळी फुलं. त्या वेळी इथल्या नव्या वसाहतींमध्ये खाली बसून जेवायचं सोडून लोक टेबलाशी बसायला लागले होते, आणि टेबलावर सदैव दिसणारी वस्तू सुंदर हवी, असं घरातल्या बायकांना वाटलं. ते कंपन्यांनी ऐकलं. मला वाटतं, घरगुती वस्तूंचा इतिहास लिहिणारे यंत्राची सुधारणा लिहितात आणि फुलं सोडून देतात. ज्या बाईचा दिवस त्या चार भिंतींत जायचा तिच्यासाठी ती फुलं हीसुद्धा सुधारणाच होती. आजी, तुझ्या स्टीलच्या डब्यांवर तू नावं घालून घेतलीस, सोबत वेलबुट्टीही काढायला लावलीस, आणि आजोबा म्हणाले होते वेलबुट्टीचे पैसे कशाला. मला तो प्रसंग तिथे आठवला. तू बरोबर होतीस.

१९७०चा इलेक्ट्रॉनिक जार पाहिला. आपल्याला आज राइस कुकर म्हटलं की भात शिजवणं आणि गरम ठेवणं दोन्ही एकातच येतं. पण ती दोन वेगळी कामं होती. विजेवर भात शिजवणारा कुकर तोशिबाने १९५५ साली आणला, तो भात शिजवून थांबायचा. शिजलेला भात लाकडी टोपल्यात काढायचा, आणि उशिरा येणाऱ्याला गारच मिळायचा. हे ते दिवस, जेव्हा इथली माणसं रात्री दहा-अकराला कारखान्यातून, कचेरीतून घरी पोचायची. झोजिरुशीने फक्त गरम ठेवणारं भांडं केलं. ऐकायला सोपं वाटतं. पण भात साठ अंशांच्या खाली गेला तर आंबतो, फार तापवला तर पिवळा पडतो, सुकतो, वास येतो. मधली सत्तरीच्या आसपासची अरुंद पट्टी तासन्‌तास सांभाळायची. ते जमलं सेमीकंडक्टरचे सुटे भाग स्वयंपाकघरात आणल्यावर. जार प्रचंड खपला आणि थर्मासवाली कंपनी विजेच्या उपकरणांची कंपनी झाली.

त्या जारपुढे मी बराच वेळ उभी राहिले. आई, बाबांची पुण्याला परीक्षा केंद्राची ड्यूटी असायची आणि लोकल चुकायची, तेव्हा तू वरणभात गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून, वर ताट झाकून जागी राहायचीस. तुला झोप यायची ते मला दिसायचं. त्या भांड्याने इथल्या कितीतरी बायकांना झोपायला जाऊ दिलं असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना. गरम जेवण वाट पाहत थांबलं, म्हणजे तिला थांबावं लागलं नाही. वस्तू करणाऱ्यांनी हे डोळ्यांपुढे ठेवून केलं असेल तर त्यांना माझा नमस्कार.

१९७३ साली दाबायचा पॉट आला. तुम्ही तो कचेऱ्यांमध्ये पाहिलाय, वरचं झाकण दाबलं की नळीतून चहा पडतो. आत एक भाता असतो, तो हवा आत ढकलतो, हवा पाण्याला दाबते आणि पाणी नळीतून वर चढतं. वीज नाही, काही नाही. पण भरलेला जड पॉट उचलून वाकवायची गरज संपली. हाताला कंप सुटलेल्या माणसालाही स्वतःचा चहा स्वतः घेता यायला लागला.

स्टीलबद्दल मी भराभर पुढे जाते. १९७८मध्ये जपानातल्याच दुसऱ्या एका कंपनीने पक्क्या निर्वाताची स्टीलची बाटली बाजारात आणली, पाठोपाठ १९८१मध्ये झोजिरुशीने. स्टीलच्या बाटल्या निर्वात, म्हणजे हवा काढून घेतलेल्या भट्टीत ठेवतात, तिथेच झाळ (जोडाचा धातू) वितळून हवा बाहेर जायला ठेवलेलं बारीक भोक बुजतं. फुंकणाऱ्या कारागिराची तिथे गरजच उरली नाही. बाटली पडली तरी फुटत नाही, सगळ्यांची सोय झाली हे खरं. पण ज्या हातांनी ही वस्तू जपानात आणली त्या हातांचं काम संपलं, आणि तेनमात आज भट्ट्या नाहीत, नुसता दगड आहे. तळेगावची काचही आठवली. बाबा, पैसा फंडाच्या काचेचं घरी काही उरलंय का? आजोबांच्या टेबलावर एक जाड हिरवट दौत होती, ती तिथलीच असं ते म्हणायचे. ती कुठे आहे? सापडली तर जपून ठेवा, भांडी घासायच्या ओट्यावर नको.

आता दादाच्या कॅमेऱ्याची गोष्ट, ज्यासाठी हे पत्र.

१९९६ साली तोक्योच्या इकेबुकुरो भागात एक म्हातारी आई आणि तिचा आजारी मुलगा घरातच उपासमारीने गेले. बऱ्याच दिवसांनी कळलं. शेजार होता, शहर होतं, पण कुणाच्या लक्षातच आलं नाही. या बातमीने एक डॉक्टर अस्वस्थ झाले. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची खुशाली कळायला हवी, पण त्यांच्या अंगावर एखादं यंत्र बांधून किंवा घरात कॅमेरा लावून नव्हे, ते रोज जे वापरतात त्याच वस्तूतून कळावी, हा विचार त्यातून निघाला. जपानी घरात म्हातारं माणूस रोज काय करतं? चहा करतं. सकाळी उठल्यावर, न्याहारीला, दुपारी, पाहुणा आला तर. चहासाठी पॉटमधलं गरम पाणी घेतं. मग त्या विजेच्या पॉटमध्येच बारीकसा प्रेषक बसवला. पाणी घेतलं की ती नोंद बिनतारी जाते आणि दूर राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला दिवसातून दोन वेळा ईमेल येतो, की आईने अमुक वाजता पाणी घेतलं. २००१ साली झोजिरुशीने ही सेवा सुरू केली, आणि त्या पॉटचं नाव आय-पॉट.

बस, एवढंच कळतं. ती काय बोलली, कुणाबरोबर बसली, पदर डोक्यावर होता की नव्हता, घर आवरलेलं होतं की नाही, यातलं काही कळत नाही. पाणी घेतलं एवढंच. आणि तेवढ्याने भागतं. बाहेर जाताना दाबायचं एक बटणही त्याला आहे, म्हणजे ‘मी बाहेर चाललेय’ हे सांगायचं की नाही तेही त्या माणसाच्याच हातात.

दादा, हे पत्र तूही वाचशील, म्हणून तुझ्याशीच बोलते. तुझी काळजी खरी आहे. आजीला मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात चक्कर आली आणि आई-बाबा लग्नाला गेलेले होते, ते आपण दोघंही विसरलेलो नाही. तू बंगळुरात, मी इथे. रात्री जाग आली की माझा हात आधी फोनकडे जातो. पण सोप्याच्या खोलीत आणि आजीच्या खोलीत कॅमेरा लावायचा याला माझा विरोध आहे, आणि तो मी स्पष्ट लिहिते. बाबा गप्प होतात ते हट्टाने नाही. ज्या घरात त्यांनी पंचेचाळीस वर्षं कुणाला न विचारता दार उघडलं आणि लावलं, तिथे आता पोरं बघतायत म्हणून सदरा घालून बसायचं, हे त्यांना जड जाणारच. आजी दुपारी पाय पसरून, केस मोकळे सोडून बसते. ती वेळ तिची एकटीची आहे. ती आपण घ्यायची नाही.

आपल्याकडे आय-पॉट चालायचा नाही. आईचा चहा गॅसवर, पातेल्यात, आलं ठेचून. तो बदलायला मी कधीच सांगणार नाही. पण आजीचा रेडिओ आहे. वर्षानुवर्षं ती सकाळी उठून तोंड धुतलं की रेडिओ लावते, आणि दुपारी झोपेतून उठली की पुन्हा लावते. भारतात आता असे प्लग मिळतात की त्यात जोडलेली वस्तू सुरू झाली की फोनवर कळतं. रेडिओ त्यात लावायचा. आजीला काहीही नवीन शिकायचं नाही, एकही बटण वेगळं नाही. एक अडचण मला दिसते: वीज गेली किंवा इंटरनेट बंद पडलं तर निरोप येणार नाही आणि आपण दोघं उगाच घाबरू. शिवाय आजीने एखाद्या दिवशी रेडिओ लावलाच नाही तर, म्हणून दुसरा प्लग आईच्या मिक्सरला लावू. दोन्हींकडून काहीच आलं नाही तर आधी शेजारच्या काकूंना फोन करायचा, असा आपला क्रम ठरवून टाकू. न्हाणीघरात पकडायला दांडी आणि खाली न घसरणारी फरशी मात्र या महिन्यातच बसवून घे, दादा. त्याचे निम्मे पैसे मी पाठवते. चक्कर येण्यावर कॅमेऱ्यापेक्षा त्या दांडीचा उपयोग जास्त आहे.

आणि हे सगळं तुम्ही तिघांनी हो म्हटलं तरच. आजी, तुझं आधी. तुझा रेडिओ लागला हे मला इथे कळलेलं तुला चालेल का, ते मला फोनवर सांग. नको असेल तर नको म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही. चालणार असेल तर खरं सांगते, मला फार बरं वाटेल. तुझे सकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे साडेनऊ झालेले असतात आणि मी नुकती कामाला बसलेली असते. आजी उठली, एवढंच कळलं तरी पुढचा दिवस नीट जाईल.

थर्मासबद्दल काही सूचना, कारण आई परवा म्हणाली की चहाला वास येतो. बाटलीचं काहीच बिघडलेलं नाही. झाकणातली रबरी चकती निघते, ती काढून वेगळी धुवायची आणि पूर्ण वाळवूनच बसवायची. आतल्या पाण्याच्या डागांना लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून काही तास ठेव, मग खळखळून धू. ब्लीच किंवा घासणी वापरू नकोस. दूध घातलेला चहा त्यात दिवसभर ठेवू नये, आजीला हवा असेल तर दोन तासांत संपवावा. कोरा चहा किंवा नुसतं गरम पाणी कितीही वेळ चालेल. भरण्याआधी एकदा उकळतं पाणी घालून पाच मिनिटांनी ओतून टाक, आणि भरताना झाकणाखाली थोडीच जागा सोड. अर्धी भरलेली बाटली लवकर निवते, बाबा का ते सांगतील.

डिसेंबरच्या शेवटी इथल्या ऑफिसातल्या एक बाई पुण्याला चालल्यात. त्यांच्याबरोबर दाबायचा पॉट पाठवतेय, आजीच्या खोलीसाठी. रात्री तहान लागली की तिला स्वयंपाकघरापर्यंत अंधारात जावं लागणार नाही. फुलांचा मिळाला तर फुलांचाच घेते. जुन्या नमुन्यांची नवी आवृत्ती मधूनमधून निघते म्हणतात, शोधते. बाई शिवाजीनगरला उतरणार आहेत, त्यांना रिक्षा शोधायला लावू नका, बाबांनी न्यायला जावं.

पैसा फंडाबद्दल जे काही आठवत असेल ते बाबांनी लिहून पाठवावं, आजोबांचे शब्द आठवतील तसे. संग्रहालयातल्या बाईंनी वहीत गावाचं नाव घेतलंय, त्यांना मी जपानीत दोन पानं लिहून देईन म्हटलंय. मला तारखा आणि नावं पक्की हवीत. वाचनालयात जुनी स्मरणिका असेल तर तिचे फोटो काढून पाठवा.

सर्वांना नमस्कार. शेजारच्या काकूंना विचारल्याचं सांगा, आणि प्लगच्या बेताबद्दल त्यांच्याशी आधी बोलून घ्या, फोन त्यांना येणार आहे.

तुमची,
मुग्धा

ता. क. दौतीचा फोटो विसरू नका. आणि दादा, दांडी स्टीलची घे, भिंतीत पक्की रोवून. चिकटवायची नको.